गादी घेताना पाठीवर खडूच्या तीन खुणा

सक्करदऱ्यातल्या ज्या दुकानातून आम्ही यंदा गाद्या करून घेतल्या, तिथे गादीवर झोपू देतात. हे मी सगळ्यात आधी लिहिते, कारण माझ्या मते बाकी सगळं यानंतर येतं. गादीवर बसवून, हातानं दाबून "पाहा किती मऊ आहे" म्हणणारी दुकानं नागपुरात ढीगभर आहेत. पण हाताला जे मऊ लागतं ते कमरेलाही तसंच लागेल असं काही नसतं. इथल्या मालकांनी नमुन्याच्या गादीवर धुतलेली चादर अंथरली, पंखा आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, "आरामात झोपून पाहा ना ताई, कायले घाई करता? कूस बदला, उताणं व्हा. पंधरा-वीस मिनिटं पडल्याशिवाय काही समजत नाही." बाईमाणसाला भर दुकानात आडवं व्हायला संकोच वाटतो, हे त्यांना न सांगता कळलं होतं. नमुन्याच्या गाद्या मागच्या खोलीत आहेत, मध्ये पडदा आहे, आणि त्यांच्या घरच्या काकू तिथे मदतीला असतात.

माझं शिवणकाम आहे. महालात ब्लाउज आणि ड्रेस शिवते, लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत मशीन चालू असते. मान खाली, पाठ वाकलेली, एक पाय पायडलवर. कमरेचं दुखणं आमच्या धंद्यात बहुतेक सगळ्यांनाच आहे. ज्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे मी जायची त्यांनी व्यायाम दिले, खुर्चीची उंची बदलायला लावली आणि मग विचारलं, रात्री झोपता कशा? त्यांनी समजावलं ते असं. मणक्यांच्या मध्ये ज्या चकत्या असतात त्या दिवसभर दाबल्या जातात. रात्री आडवं झालं की त्या पाणी शोषून परत फुगतात, म्हणून माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी सेंटिमीटरभर उंच भरतो. हा आराम मिळायचा तर झोपेतही पाठीचा कणा त्याच्या नेहमीच्या आकारात राहायला हवा. कुशीवर झोपलो तर मागून पाहणाऱ्याला तो मानेपासून माकडहाडापर्यंत सरळ दिसला पाहिजे, आणि उताणं झोपलो तर कमरेचा जो नैसर्गिक बाक आहे तो तसाच राहिला पाहिजे. जी गादी तुमच्या अंगाला हे करू देते ती तुमची. दुसऱ्याची तीच गादी तुम्हाला चालेल असं नाही.

आता स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. म्हणून हे मी माझ्या धंद्याच्या पद्धतीनं केलं, आणि ज्याला गादी घ्यायची आहे त्यानं हे करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. मापाची टेप आणि कापडावर खुणा करायचा खडू माझ्या पर्समध्ये कायम असतो. सोबत मुलगी होती. अंगात गडद रंगाचा, अंगाबरोबर बसणारा कुडता घातला होता. ढगळ कुडता नको, तो सरकतो आणि खुणाही सरकतात. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. ब्लाउजच्या पाठीची उंची आम्ही तिथूनच धरतो. पहिली खूण तिथे. दुसरी कंबर जिथे सगळ्यात बारीक असते तिथे, बरोब्बर कण्यावर. तिसरी परकराच्या नाडीच्या थोडी खाली, मधोमध. मग कुशीवर, गुडघे जरा दुमडून, डोक्याखाली घरून नेलेली आपली रोजची उशी. दुकानातली उशी घेतली तर सगळंच बदलतं. पाच-सात मिनिटं तसंच पडून राहायचं, अंग सैल सोडायचं. त्यानंतर मुलीनं पहिल्या खुणेपासून तिसऱ्या खुणेपर्यंत टेप ताणून धरली आणि मोबाइलवर फोटो काढला.

पहिली गादी काथ्याची, चांगली टणक. फोटोत मधली खूण टेपच्या खाली उतरलेली. खांदा आणि खुबा गादीनं वरच अडवून धरले होते आणि मध्ये कंबर लोंबत होती, तिच्याखाली मुलीचा हात आरपार जात होता. दुसरी जाड, मऊ फोमची, पडल्या पडल्या फार सुखाची. तिच्यावर टेपच तिरपी झाली. खुबा इतका खोल गेला की खालची खूण मानेच्या खुणेच्या कितीतरी खाली. तिसरी म्हणजे खाली घट्ट फोम आणि वर लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेल्या फोमचा, एक इंची थर. तिच्यावर खांदा थोडा रुतला, खुबा थोडा रुतला, कंबरेखाली वरचा थर येऊन भिडला, आणि तिन्ही खुणा टेपवर आल्या. मुलगी म्हणाली, "आई, ही बघ, स्केलनं मारल्यासारखी आली." मालकांनी ते तिन्ही फोटो आपल्या मोबाइलवर मागून घेतले.

उताणं झोपून पाहायची रीत सोपी आहे. कमरेच्या बाकाखाली आपला तळहात सरकवायचा. सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक. जागाच नसली, हात कोंबावा लागला, तर कंबर गादीत बुडालेली आहे. थोडा जोर लावून जाईल आणि हाताला दोन्ही बाजूंनी स्पर्श लागेल, इतपत हवं. पालथं झोपणाऱ्यांसाठी मात्र कोणतीही गादी शोधत बसू नका. मान तासन्‌तास एका बाजूला वळलेली राहते, त्याला गादी काय करणार? ती सवयच सोडवावी लागते. मॅडमनी मला गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यायला सांगितलं होतं, त्यानं वरचा पाय पुढे पडत नाही आणि कंबर पिळली जात नाही. उताणं झोपणाऱ्यांनी तीच उशी गुडघ्यांखाली घ्यायची.

कडक गादीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे घरात यावरूनच वाद होता. सासूबाईंचं म्हणणं, पाठ दुखते तर खाली सतरंजी टाकून झोप. त्यांच्या पिढीला डॉक्टरही तेच सांगायचे. पण २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना टणक गादी दिली, काहींना मध्यम टणक. ९० दिवसांनी मध्यम टणक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं, झोपेतलंही आणि उठतानाचंही. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला माझे फोटो आठवले, कारण तिथे नेमकं तेच दिसत होतं. आणि गादीवर 'ऑर्थो' छापलं म्हणजे ती पाठीसाठी झाली असंही समजू नका. त्याचं एक ठरलेलं माप नाही, ज्याची त्याची कंपनी आपापल्या हिशेबानं ते छापते. मी दोन वेगवेगळ्या 'ऑर्थो' गाद्यांवर झोपले, एकीवर कंबर लोंबली आणि दुसरीवर बरी राहिली.

या दुकानाची दुसरी गोष्ट मला फार पटली ती वजनकाट्याची. हे लोक पिढीजात कापसाचे. गाद्या-उशांसाठी कापूस किलोवर विकतात, त्यामुळे मोठा काटा दुकानातच आहे. फोमची 'डेन्सिटी' म्हणून जो आकडा सांगतात तो म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ३२ डेन्सिटी म्हणजे ३२ किलो, ४० म्हणजे ४०. हा आकडा फोम मऊ आहे की कडक हे सांगत नाही, तो किती टिकेल ते सांगतो. कमी डेन्सिटीचा फोम कडक बनवता येतो, आणि तो नवा असताना छानही लागतो, पण कमरेखाली लवकर दबतो. आता हा आकडा खरा की खोटा, हे गिऱ्हाइकानं कसं ओळखायचं? मालक म्हणाले, "वजन करून घ्या, त्यात काय." ७२ बाय ३६ इंचाचा, चार इंच जाडीचा फोम ४० डेन्सिटीचा असेल तर पावणेसात किलोच्या आसपास भरतो. तोच ३२ चा असेल तर साडेपाचच्या आत. माझा फोम खोळ चढवण्याआधी काट्यावर ठेवला, मी डोळ्यांनी काटा पाहिला आणि मग होकार दिला. तयार, शिवून बंद केलेल्या गादीत ही सोय नसते.

मिस्टरांचं वजन माझ्या दीडपट आहे आणि ते उताणे झोपतात. ज्या गादीवर माझ्या तिन्ही खुणा सरळ आल्या, तिच्यावर त्यांची कंबर बुडाली. त्यांच्यासाठी काथ्याची चार इंची गादी आणि वर लेटेक्सचा एक इंच, हे जमलं. काथ्या म्हणजे नारळाच्या सालाचे धागे रबराच्या चिकानं एकमेकांना धरवलेले. वजनदार माणसाला तो खालून चांगला रेटा देतो, आणि वरचा इंचभर थर खांद्याला टोचू देत नाही. मग एकाच पलंगावर दोघांना एक गादी कशी चालणार? दुकानात बहुतेक जण अशा वेळी मधला पर्याय घेतात आणि दोघंही थोडं थोडं सोसतात. आम्ही सहा बाय सहाच्या पलंगावर ३६ इंचाच्या दोन वेगळ्या गाद्या घेतल्या. जाडी दोन्हींची पाच इंच, त्यामुळे वरून सपाट. मालकांनी दोन्हींच्या कडेला चेन लावून द्यायची तयारी दाखवली होती. ती मी घरी स्वतःच लावली, जॅकेटला लावतात ती जाड दाताची, आणि वरून सुती कापडाची चार बोटं रुंद पट्टी वेल्क्रोनं बसवली. मधली फट लागत नाही. शिवाय ते रात्री वळले की मला आता समजतही नाही.

नागपूरकरानं गादी घेताना उन्हाळा विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. मेमरी फोम मला पहिल्या मिनिटाला आवडला होता. १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी अमेरिकेतल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी, विमानाच्या आसनांसाठी तो शोधून काढला. अंगाच्या उबेनं मऊ होऊन शरीराचा आकार घेणं हाच त्याचा गुण आहे. पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत एसी नाही, कूलर आहे. तिथे हा फोम उन्हाळ्यात गरजेपेक्षा मऊ होणार आणि डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या जवळ आला की, कडक होणार. मग पाठीला रोज वेगळी गादी. शिवाय तो अंगाची ऊब धरून ठेवतो. ज्यांच्याकडे बाराही महिने खोलीचं तापमान सारखं असतं त्यांनी खुशाल घ्यावा. काथ्यातून हवा सगळ्यात चांगली खेळते. लेटेक्सलाही आरपार भोकं असतात, तोही बरा. स्प्रिंगच्या गादीतही हवा असते. तिथे फक्त पॉकेट स्प्रिंग पाहा, प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते. एकमेकींना तारेनं बांधलेल्या जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगवर एक माणूस हलला की दुसरा हलतो.

कापसाच्या गादीवर माझा जीव आहे, आपण विदर्भातले, कापसातच वाढलो. उन्हाळ्यात तिच्यासारखं सुख नाही. पण कापूस दबत जातो, कमरेखाली खळगा आणि बाजूला गोळे होतात. दरवर्षी-दोन वर्षांनी उसवून, पिंजून, पुन्हा भरून घेतली तर ती पाठीला चालते. पूर्वी पिंजारी दारावर यायचे, धुनकीचा आवाज गल्लीभर ऐकू यायचा. आता मशीनवर पिंजून मिळतं, पण गादी तिथवर न्यावी लागते. आम्ही आमच्या दोन जुन्या गाद्यांचा कापूस याच दुकानात पिंजून घेतला आणि पाहुण्यांसाठी पातळ गाद्या करून घेतल्या. ते काम त्यांनी उत्तम केलं. टाके एकसारखे, कोपरे भरलेले, कापूस कुठेही मोकळा नाही.

शिलाईबद्दल माझं मत थोडं कडक आहे, ते धंद्यामुळे. नव्या गाद्यांच्या खोळी त्यांच्या कारागिरानं शिवल्या आहेत. कापड घट्ट विणीचं सुती, पायपिंग सरळ, चेन तीन बाजूंनी उघडते. चेन असल्यामुळे आतला थर पाहता येतो, पुढे एखादा थर दबला तर तेवढाच बदलता येतो. हे मी मुद्दाम मागून घेतलं. एका खोळीच्या कोपऱ्यात दोरा ओढला गेला होता, दाखवल्यावर तिथल्या तिथे उसवून पुन्हा घातला. वरचं क्विल्टिंग मात्र त्यांच्याकडे एकाच नक्षीचं मिळतं आणि जरा जाड आहे. लेटेक्सचा मऊपणा त्याखाली थोडा झाकला जातो. मी माझ्या गादीला बिनक्विल्टचं साधं कापड लावून घेतलं, आणि फरक लागतो.

उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही या गाद्यांवर गेले आहेत. सकाळी उठल्यावर मोरीपर्यंत वाकून जायची ती मी आता सरळ चालत जाते. मशीनवरचं दुखणं संध्याकाळी अजून असतं, त्याला व्यायामच हवा, पण ते रात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात येत नाही. मिस्टरांचं घोरणं तसंच आहे, पाठ बरी आहे. कूलरच्या बाजूला झोपणाऱ्यांसाठी एक सांगते. ताट्यांमधून ओली हवा रात्रभर एकाच बाजूला लागते आणि गादीची ती कड आतून दमट होते. बॉक्सच्या पलंगाला खाली सलग प्लाय असला तर दमटपणा अडकून बुरशीचा वास येतो. आम्ही प्लायला सुतारकाकांकडून भोकं पाडून घेतली आणि आठवड्याला दोन्ही गाद्या भिंतीला उभ्या टेकवून ठेवतो. लेटेक्सला थेट उन्हात घालू नका, तो उन्हानं भुसभुशीत होतो.

सासूबाईंनाही गादी घ्यायची होती. आठ इंची, भरपूर उंच गादी दुकानात रुबाबदार दिसते, पण पलंगाची उंची धरून पाहिली तर कडेवर बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. म्हाताऱ्या माणसाला उठताना पाय टेकणं आणि गादीची कड घट्ट असणं दोन्ही हवं. त्यांना चार इंची काथ्याची, वर पातळ फोम, एवढंच घेतलं.

उशी गादीनंतर घ्यावी. कुशीवर झोपल्यावर खांद्याच्या टोकापासून कानापर्यंत जी जागा उरते तेवढीच तिची जाडी. खांदा गादीत रुतला तर ती जागा कमी होते, म्हणून नवी गादी आली की जुनी उशी बहुतेक वेळा उंच पडते. मी सावरीच्या कापसाची उशी घेतली, एका बाजूची शिवण उसवली आणि मानेची खूण रेषेत येईपर्यंत मूठमूठ कापूस काढत गेले. शिवता न येणाऱ्यांना हे दुकानातच करून देतात, पैसे घेत नाहीत.

उणिवा आहेतच. ठरल्या दिवशी गाद्या आल्या नाहीत, फोन केल्यावर दोन दिवसांनी आल्या. टेम्पोवाल्यानं वर चढवायचे वेगळे पैसे मागितले, ते आधी सांगितलेलं नव्हतं. बुधवारी तिथे बाजार भरतो, त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि ऑनलाइन कंपन्या देतात तशी शंभर रात्री वापरून परत करायची सोय इथे नाही. करून घेतलेली गादी परत घेत नाहीत. म्हणूनच आधी नीट झोपून पाहणं महत्त्वाचं. आमच्या दोन्ही गाद्या मिळून साडेसतरा हजारांना पडल्या. बाजारात याहून स्वस्त आहेत आणि याच्या तिप्पट किमतीच्याही आहेत.

हमीचं शेवटी लिहिते, कारण आधीच्या गादीच्या वेळी आम्हाला त्याचा फार त्रास झाला. ती एका मोठ्या दुकानातून घेतलेली, दहा वर्षांची हमी होती. कमरेखाली खड्डा पडल्यावर माणूस आला, काठी आडवी ठेवून पट्टीनं खोली मोजली आणि म्हणाला, इतक्या खड्ड्याला हमी लागू नाही, शिवाय खोळीवर चहाचा डाग आहे. हमीपत्रात ते बारीक अक्षरात होतंच. त्यामुळे किती खोल खड्डा पडल्यावर हमी लागू होते, डाग पडला तर काय, बदलून देताना वर्षांप्रमाणे किती पैसे कापतात, हे पैसे देण्याआधी विचारा. सक्करदऱ्याच्या या दुकानानं पाच वर्षांचीच हमी दिली आहे. पण बिलावर फोमची डेन्सिटी, काट्यावर भरलेलं वजन, प्रत्येक थराची जाडी आणि "एक इंचापेक्षा जास्त दबल्यास थर बदलून देणार" हे सगळं मराठीत लिहून, सही-शिक्का मारून दिलं. मी बिल प्लास्टिकच्या पाकिटात घालून खोळीच्या आत, पायाकडच्या बाजूला, शिवून टाकलं आहे.